त्याच्यासमोर घेतलेलं नाव

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर वाल सोलले. रविवार होता. चाळीच्या गॅलरीत ऊन आलं तसं बायकोनं मोड आलेल्या वालांचं पातेलं बाहेर आणलं, वर कोमट पाणी ओतलं आणि म्हणाली, "बसा. एकटीनं होणार नाहीत." मी बसलो. वाल सोलायला बसणं आमच्या गावाकडे पुरुषाला शोभत नाही, पण इथं डोंबिवलीत कोण बघतंय, आणि बघितलं तर बघू दे. वालाला एका टोकाला नख लावायचं, दोन बोटांनी दाबायचं, की डाळिंबी सालातून सुटकन बाहेर येते. तिची अख्खी यायची. माझी मोडायची.

"मोडताय," ती म्हणाली.

"पोटात जाऊन मोडायच्याच आहेत."

"वाटीत बऱ्या दिसत नाहीत."

"कुणाच्या वाटीत?" मी विचारलं. मला माहीत होतं. अख्ख्या डाळिंब्या ती मघापासून एका वाटीत वेगळ्या टाकत होती.

"उद्या उसळ करीन. तुमच्याबरोबर त्यांना थोडी देते."

आमच्या घरात 'त्यांना' म्हणजे दोनच माणसं. एक मी, दुसरा तो.

"आधी तो उखाणा सांग, मग वाटी नेतो."

"झालं तुमचं सुरू," म्हणाली आणि हसली. मग डावा खांदा चोळला, म्हणाली, "जरा पाठ टेकते. तुम्ही करत राहा." उठून आत गेली. मी आणखी मूठभर सोलले. मोडलेल्या जास्त निघाल्या म्हणून दाखवायला हाक मारली, "अगं, ए, बघ तुझ्या वाटीचं काय झालं." आली नाही. आत गेलो तर भिंतीकडे तोंड करून निजलेली. भिंतीकडे तोंड करायची तिची जुनी सवय, म्हणून मला आधी काही वाटलं नाही. खांद्याला हात लावला तेव्हा कळलं.

आता हा 'तो' कोण, ते सांगतो. कॉलेजात त्याला सगळे सर म्हणतात, तोंडावर मीही सर म्हणायचो. हे मी माझ्या घरात बसून लिहितोय, इथं तो 'तो'च.

मी चौथी शिकलेला. कल्याणच्या सरकारी कॉलेजात पट्टेवाला होतो. मास्तर तयार करायचं कॉलेज. आम्हाला एकच मुलगी. देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढच्या साली ती पहिल्या बाळंतपणात गेली, बाळही गेलं. हिनं ऊर बडवून रडून घेतलं असतं तर बरं झालं असतं. ही गप्प झाली. वाढ म्हटलं तर वाढायची, नीज म्हटलं तर आडवी व्हायची, पण तोंडातून शब्द नाही. मग वाढणंही थांबलं. अंगारे झाले, गावचा देव झाला, शेवटी प्रिन्सिपॉल साहेबांच्या ओळखीनं तिला ठाण्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. लोक बोलायचं ते बोलले. मी ऐकून घेतलं. घरात ऐकायला दुसरा आवाज तरी कुठं होता?

दर रविवारी भेटायला जायचो. ठाणा स्टेशनापासून टांगा परवडायचा नाही, चालत. भेटीच्या खोलीत तिला बाकावर आणून बसवायचे आणि मी बोलायला लागायचो. नळाला पाणी कमी येतं, शेजारणीची मांजर व्याली, तुझ्या तुळशीला कीड लागलेली, ती मी राख टाकून घालवली. ती भिंतीकडे बघायची. एकदा तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या बाई तुम्हाला विसरल्यात. नवरा कोण, तेच त्यांना सांगता येत नाही." एवढं वाक्य घेऊन मी डोंबिवलीला आलो. पुढं कित्येक वर्षं ते घेऊन हिंडलो. मुलीला विसरली असती तर समजलो असतो, दुःखच तेवढं होतं. पण मला? मी काय दुःख दिलेलं?

मग एका रविवारी मी तुळशीचं सांगत असताना ती मध्येच म्हणाली, "शर्टाचं बटण गेलंय तुमच्या."

मी खाली बघितलं, खरंच गेलेलं. शेजारी उभी असलेली आया म्हणाली, "आठवडा झाला की हो बोलायला लागून. ते नवीन साहेब आलेत ना, डॉक्टर नव्हेत, मनाचं शिकलेत. ते बसतात बायकांपाशी. त्यांच्याशीच बोलली पहिली."

आनंद झाला. नाही म्हणत नाही. पण त्याच्या मागोमाग रागही आला. इतके रविवार मी घसा कोरडा केला, आणि ही पहिलं बोलली कुणाशी, तर एका परक्या पोराशी. निघताना मी त्याला बघितलं. तिशीचा असेल. काटकुळा, चष्मा, कोपरांवर विटलेला कोट. व्हरांड्यात एका म्हातारीसमोर खाली जमिनीवर बसलेला, शेजारी खुर्ची रिकामी असताना. म्हटलं, हे काय नाटक.

ती घरी आली. पुन्हा चूल पेटली, पुन्हा माझ्या शर्टाला बटण आलं. मी एकदा विचारलं, "तो काय विचारायचा तुला?"

"ते फारसं विचारत नसत. बसून राहायचे."

"बसून तर मीही राहायचो."

"तुम्ही बोलत राहायचात."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आलो आणि तिच्यासमोर जमिनीवर गप्प बसून राहिलो. ती बघत राहिली, मग म्हणाली, "पोट बिघडलंय का? ओवा देऊ?"

असे दिवस गेले. त्याचा विषय निघायचा नाही, पण कुणी मोठ्यानं खेकसलं की ही म्हणायची, "ते साहेब कसे हळू बोलायचे." झालं. भाकरी माझी, घर माझं, आणि हळू बोलणार तो.

मग आमच्या कॉलेजात एक नवी जागा निघाली. मन बिघडलेली माणसं कशी ओळखायची, कशी सांभाळायची, हे होणाऱ्या मास्तरांना शिकवायचं, म्हणजे वर्गातलं एखादं पोर सारखं मुकं बसलं तर मास्तर त्याला छडी मारणार नाही. त्याला इंग्रजीत क्लिनिकल सायकॉलॉजी म्हणतात. मला तो शब्द जमेना, मी 'क्लिनिकवाले प्राध्यापक' म्हणायचो. नुसता पुस्तकं वाचलेला नको, रोग्यांमध्ये राहिलेला माणूस हवा, असं वरून आलेलं. प्रिन्सिपॉल साहेब आणि मुंबईच्या शिक्षण खात्यातले एक साहेब, दोघं मुलाखत घेणार होते.

तिघांना बोलावलेलं. एक आलाच नाही. दुसरा विलायतेहून शिकून आलेला, बूट असे की वाकलं तर त्यात माझं तोंड दिसावं. आणि तिसरा जिना चढून वर आला, बगलेत छत्री, तोच कोट. मी जिन्याच्या तोंडाशी उभा. माझ्याकडे बघून म्हणाला, "मुलाखत इथंच ना?" पट्टेवाल्याचा लोक बिल्ला बघतात, तोंड बघत नाहीत. त्यानं मला ओळखलं नाही. मी ओळखलं. बाकावर बसा म्हटलं आणि मनात गावच्या देवाला सांगितलं, नारळ देतो, बूटवाल्याला लागू दे.

मुलाखतीत पट्टेवाल्यानं दाराच्या पडद्यामागं उभं राहायचं, घंटी वाजली की आत. सगळं ऐकू यायचं. बूटवाला आधी गेला. इंग्रजी असं फाडफाड की मला देव पावला असं वाटलं. पण शेवटी मुंबईचे साहेब मराठीत म्हणाले, "आमच्या पोरांना खेड्यापाड्यांत मास्तरकी करायची आहे. ती समोर बसलीत असं धरा आणि तुम्ही पाहिलेला एखादा रोगी त्यांना मराठीत समजावून सांगा." तिथं बूटवाला अडखळला. खोकला, पाणी मागितलं, पुन्हा इंग्रजीत शिरला.

मग तो गेला. त्यालाही तेच सांगितलं. तो हळू आवाजात सुरू झाला.

"एक बाई होत्या. तरुण मुलगी गेली म्हणून वाचा बसलेली. आमच्याकडे नव्या रोग्याला विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. बाई मानेनं हो-नाही करायच्या. पण 'नवऱ्याचं नाव काय' म्हटलं की मान हलायची थांबायची. त्यावरून असं ठरलं की बाईंची आठवण गेली, त्या नवऱ्याला विसरल्या. मी आलो तेव्हा मीही तोच प्रश्न विचारला. पुन्हा विचारला. तेव्हा बाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला."

मुंबईचे साहेब म्हणाले, "मग?"

"साहेब, विसरलेल्या माणसाचं नाव काढलं म्हणून कुणी पदर ओढत नाही. बाई विसरल्या नव्हत्या. आपल्याकडे कुठली बाई नवऱ्याचं नाव उघड घेते? तो प्रश्न ज्या विलायती पुस्तकातला, तिकडं घेत असतील. मी म्हटलं, बाई, नुसतं नको, उखाण्यात घ्या."

मी पडद्याला कान लावला. चहाचं तबक हातात तयार होतं, ते मी पोटाशी धरलं.

"आणि बाईंनी घेतला. कितीतरी महिन्यांत पहिलं बोलणं ते. अख्खा उखाणा, न अडखळता, नवऱ्याच्या नावासकट."

घंटी वाजली. चहा. मी आत गेलो. मुंबईचे साहेब खुर्चीत पुढं सरकून विचारत होते, "काय उखाणा होता?"

मी कप त्याच्यासमोर ठेवला आणि त्यानं वर बघितलं. या वेळी बिल्ला नाही, तोंड बघितलं. भेटीच्या खोलीतला, एकटाच बोलणारा माणूस त्याला आठवला, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. त्यानं कप उचलला, परत ठेवला.

"तो सांगायचा हक्क माझा नाही, साहेब," तो म्हणाला.

प्रिन्सिपॉल साहेबांना ते आवडलं नाही. मुंबईचे साहेब मात्र मोठ्यानं हसले. "पोटात ठेवता येतंय, म्हणजे या कामाला लायक आहात."

त्यालाच लागली जागा. माझ्या बायकोच्या उखाण्यावर लागली, असं मी तेव्हाही म्हणायचो, आजही म्हणतो.

त्या संध्याकाळी मी चपला काढायच्या आधीच हिला म्हटलं, "तू त्याच्यासमोर माझं नाव घेतलंस?"

ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. "कुणी सांगितलं?"

"आमच्या कॉलेजात येतोय तो. घेतलंस की नाही?"

"घेतलं. विचारलं म्हणून घेतलं."

"मग मीही विचारतो. माझ्यासमोर घे."

"अहो, हळू. भिंतीपलीकडे ऐकू जातं."

"जाऊ दे. तू मला विसरली नव्हतीस, हे मला आज त्याच्या तोंडून कळलं. इतकी वर्षं मी समजत होतो की…"

"काय समजत होतात?"

मी सांगितलं नाही. आनंद व्हायची गोष्ट होती, आणि मला नुसती आग होत होती. ती मला विसरली नव्हती, हे ठीक. पण माझं नाव तिच्या तोंडून ऐकलं कुणी? लग्नात तिनं एकदा घेतलेलं, उंबरठ्यावर, बायकांनी दार अडवून धरलेलं तेव्हा. त्यातलं मला काही आठवत नाही. बाराचा मुहूर्त, पोटात अन्न नाही, माझं सगळं लक्ष जिलबीच्या वासाकडे. म्हणजे माझ्या वाट्याचं मी भुकेत घालवलं आणि दुसऱ्यांदा आलं ते त्याला मिळालं, बसल्या जागी.

"घे ना," मी पुन्हा म्हटलं.

ती तांदळाचं ताट बाजूला ठेवून म्हणाली, "समोर असलेल्या माणसाचं नाव कशाला घ्यायचं? तुम्ही तर इथं बसलाय."

"मग मी गॅलरीत जातो. तू आत घे."

"जा. येताना दाराशी वाळत घातलेलं फडकं आणा."

मी गॅलरीत उभा राहिलो. आतून काही आलं नाही, तांदूळ निवडल्याचा आवाज तेवढा. फडकं घेऊन आत आलो.

तो कॉलेजात रुजू झाला. जिन्याखालची खोली त्याला दिली, ती मी झाडून काढली. त्याच्या नावाची पाटी मीच खिळे मारून दारावर ठोकली, आणि सरळ ठोकली, कारण काम ते काम. पोरं त्याच्याकडे रांग लावायची. कुणाला झोप येत नाही, कुणाचं बापाशी पटत नाही. आत जाताना तोंड पाडून जायची, बाहेर येताना तजेलदार. मला वाटायचं, मी पण आत जाऊन विचारावं, "माझी बायको तुमच्याशी काय बोलली?" माझ्या या जळण्यालाही कुठला रोग म्हणतात, ते तो सांगू शकला असता. मी त्याचा माठ भरायचो आणि बाहेर स्टुलावर बसायचो.

रुजू झाला त्या दिवशीच तो म्हणाला, "काका, काकू कशा आहेत?" काका म्हणाला, म्हणजे भांडायलाही जागा नाही.

"बऱ्या आहेत," म्हटलं. उखाण्याचं त्यानं काढलं नाही. मीही काढलं नाही.

आणि ही! रोज संध्याकाळी, "आज आलेले का ते? खोकला बरा आहे का त्यांचा? एकटे राहतात ठाकुर्लीला, खातात काय कोण जाणे." आमच्याकडे वालाची उसळ झाली की एक वाटी त्याची. फडक्यात बांधून मी न्यायची. "घरून आलंय," म्हणून टेबलावर ठेवायचो आणि तिथं उभा राहायचो नाही. वाटी परत यायची ती रिकामी नाही. रीत पाळायचा मेला, तळाशी साखर नाहीतर गुळाचा खडा. ही फडकं सोडायची आणि खडा तोंडात टाकायची. मी तिला कल्याणच्या बाजारातून ढेप आणून दिली, ती कशी आहे म्हणून तिनं कधी विचारलं नाही.

दर वालाला मी तेच म्हणायचो, "उखाणा सांग, मग वाटी नेतो." तीही तेच हसायची. वाटी मी नेतच होतो. मला वाटलं, हे असंच चालेल. एखाद दिवशी कंटाळून सांगेल.

वाल सोलता सोलता ती गेली त्या रविवारीच, तिसऱ्या प्रहरी तिला नेलं. मुलगा नाही, जावयानं दुसरं घर मांडलेलं, अग्नी मीच दिला. चाळीतले होते, कॉलेजातले दोघे-तिघे होते, आणि तो होता. खांदा द्यायला पुढं झाला, मी नको म्हणू शकलो नाही. वाटभर पलीकडच्या बाजूला त्याचं डोकं दिसत होतं आणि मला त्या वेळीसुद्धा वाटलं, इथंही निम्मा वाटा घ्यायला आलाच का हा.

घरी आलो तेव्हा शेजारणीनं घरातलं भरलेलं पाणी ओतून टाकलेलं, माणूस गेल्यावर टाकतात तसं. गॅलरीतलं वालांचं पातेलंही उचललेलं. मी म्हटलं, "ते ठेव." ती म्हणाली, "भाऊजी, सुतकात चूल पेटायची नाही. काय करणार त्याचं?" म्हटलं, "ठेव म्हणतो ना." तिनं ठेवलं.

लोक गेले. तो थांबला. गॅलरीत माझ्याजवळ बसला, खाली, फरशीवर. पाटावर बसा म्हणून मी म्हटलं नाही. बराच वेळ तो काही बोलला नाही. त्याचं हे बसणं मला चांगलं माहीत होतं, तिनं सांगितलेलं. मी ठरवलं, मी पण बोलणार नाही, बघू कोण हरतं.

शेवटी तोच बोलला. "काका, त्या दिवशी साहेबांना मी सांगितलं नाही. तुम्ही उभे होता. पण मला तो शब्द न् शब्द पाठ आहे. आता तो तुमचाच आहे. सांगू?"

मी त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांची माझी मागणी, आणि ती पुरी करायला हा बसलेला. हो म्हटलं असतं तर क्षणात मिळालं असतं. पण मिळालं असतं कशात? त्याच्या त्या हळू आवाजात. माझं नाव, तिनं घेतलेलं, आणि ऐकायचं एका बाप्याच्या तोंडून.

"नको," मी म्हटलं. "तुमच्या तोंडून नको."

त्यानं मान हलवली. उठला. पातेल्याशेजारी अख्ख्या डाळिंब्यांची ती वाटी तशीच होती, वर माशी बसलेली. मी म्हटलं, "ही तुमची. सुतकाची आहे. चालत नसेल तर राहू दे."

"चालते," तो म्हणाला आणि कच्च्याच डाळिंब्या रुमालात बांधून घेऊन गेला. वाटी ठेवून गेला. रिकामी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आलं तसा मी गॅलरीत बसलो. शेजारणीनं चहा आणून दिला, तो प्यायलो. पातेल्यातल्या वालांना वास यायला लागलेला, मोड काळे पडलेले. पाणी बदललं आणि सोलायला घेतले. शिजवायचे नव्हते, पण अर्धं काम टाकून तिला कधी चाललं नाही. नख लावायचं, दाबायचं. पहिली मोडली. दुसरी मोडली. लग्न झाल्यापासून मी तिला अगं म्हटलं, ए म्हटलं, ऐकलंस का म्हटलं. नावानं हाक कधी मारली नाही, तशी वेळच आली नाही, ती तर समोरच असायची. उखाणा मला जुळवता येत नाही. नुसतं नाव घेतलं. पहिल्यांदा जिभेवर जड गेलं, म्हणून परत घेतलं, जरा मोठ्यानं.

भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "भाऊजी, कोण आलंय?"

"कोणी नाही," म्हटलं. "वाल सोलतोय."